तळ्यावरची पिवळी वाट

माँट्रियल, ९ जानेवारी

प्रिय वेक्को मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि भाड्याच्या घरात मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. नमनाला घडाभर तेल घालत नाही. पिवळी मेली.

हसू नकोस. आई गेली त्या वर्षी आमच्या सौनाच्या वाफेच्या न्हाणीमागच्या बर्चच्या ओंडक्यावरून मी चमच्याने खरवडून डबीत आणली होती, तीच. तू तेव्हा दारात उभा राहून म्हणाला होतास, की बहिणीच्या घरातून चांगली तांब्याची किटली न्यायची सोडून ही पोर शेंबूड कुठे घेऊन चाललीये! त्या शेंबडाने मला तीन वर्षं पोसलं, मामा. ती ना बुरशी, ना झाड, ना जनावर. ओल्या कागदावर मी ओट्सचे दाणे मांडायची आणि ती अंधारात सरकत सरकत एका दाण्यापासून दुसऱ्यापर्यंत पिवळ्या शिरा पसरायची. लोक त्याला माझं चित्र म्हणायचे. खरं तर माझं काम ताट वाढायचं आणि वाट बघायचं.

नाताळात हीटर फार तापून घरात उकाडा झाला आणि हिरवी बुरशी शिरली. अडीअडचणीसाठी एक डबी वेगळी ठेवली होती, तीही गेली, कारण दोन्हींना मी एकच सुरी लावली होती. मार्चअखेर माझं प्रदर्शन आहे. आपल्या कोइवुलाचा मोठा नकाशा मांडायचा, प्रत्येक घराच्या जागी ओट्सचा ढीग ठेवायचा आणि गावातल्या वाटा पिवळीने काढायच्या, असं ठरलं होतं. गॅलरीच्या मादाम सोलांज म्हणतात, एवढं काय त्यात, दुकानातून पाकीट मागवा. मिळतं पाकीट, दिसायलाही तशीच असते. पण आई सौनातून निघून, अंगातून वाफा निघत असताना ज्या ओंडक्यावर बसायची, त्यावरची ती नाही. आईच्या घरातलं जिवंत असं माझ्याकडे तेवढंच होतं.

ती वाळली की मरत नाही, झोपते. ओल मिळाली की उठते. गेल्याच्या आदल्या नाताळाला तुला पाठवलेलं चित्र म्हणजे झोपलेली पिवळीच होती. पण तू कळवलं होतंस की ते सौनात टांगलंय, म्हणजे ती केव्हाच शिजली असणार. तेव्हा एवढं कर. ओंडक्यापर्यंत जा, बर्फ बाजूला कर आणि सालीखालचा एक तुकडा काढून पाठव. तुझ्या पाया पडते.

तुझी हेल्मी


कोइवुला, १८ जानेवारी

चि. हेल्मी,

तुझं पत्र हिल्क्काने आणून दिलं. पाकीट उजेडाला धरून बघत होती, म्हणजे मजकूर तिला माझ्याआधी कळला असणार. ती शेजारीण नाही, टपालखातं आहे.

शेंबूड गेल्याचं वाचलं. वाईट वाटलं, असं लिहितो, कारण तसं लिहायची पद्धत आहे. बर्फ कमरेपर्यंत आलंय. माझा डावा गुडघा घरातल्या घरात कुरकुरतो, त्याला मी तळ्यापलीकडे तुमच्या सौनामागे कसा नेऊ? ओंडका कुठे पळून जातोय का? बघू.

आता एक विचारतो, आपलं सहज. ही तुझी बया खाते काय? म्हणजे नुसते ओट्स, की वर काही लागतं? थंडी किती सोसते? पाणी नळाचं चालतं की विहिरीचं? उजेडात ठेवली तर काय होतं? म्हाताऱ्या माणसाला काही उद्योग नसला की असले प्रश्न सुचतात.

इकडे बाकी ठीक. मी स्वतः पाव भाजला आणि तो कुत्र्याने खाल्ला नाही.

वेक्को


माँट्रियल, २९ जानेवारी

मामा,

ओट्स खाते. ओल लागते, अंधार लागतो आणि खोलीत तू स्वेटर घालून बसू शकशील एवढी ऊब. उजेडात सुकते. पाणी विहिरीचं चालेल. उपाशी ठेवून हळूहळू वाळू दिली की झोपते. झाली तुझी चौकशी? आता माझी.

मी हिल्क्काला फोनवर मेसेज केला होता, की मामाचा गुडघा दुखतो तर तुम्ही ओंडक्यापर्यंत जाल का. तिचं उत्तर आलं. ओंडका गेल्या उन्हाळ्यातच अस्वलाने मुंग्यांसाठी फोडून फोडून भुगा केला म्हणे. उरलेला तू फावड्याने खड्ड्यात ढकललास आणि वर बटाटे लावलेस. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि मला तू लिहितोस, ओंडका कुठे पळून जातोय का!

माझ्या कामाची तू थट्टा करतोस त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आमच्या घरात थट्टा केली नाही तर माणूस आजारी आहे असं समजतात. पण मी इथे रोज टपालाच्या पेटीकडे डोळे लावून बसले होते आणि तू मला विहिरीचं पाणी की नळाचं ते विचारत होतास. फार लागलं मला. आईनंतर मला हक्काने काही मागता येईल असा तू एकच आहेस, म्हणून जास्त लागलं.

पाकीट मागवते आहे. दुसरा इलाज नाही.

हेल्मी


कोइवुला, ६ फेब्रुवारी

चि. हेल्मी,

खरं आहे. अस्वल आलं होतं. मी तुमचं घर बघायला गेलो होतो, तिथल्या खिडकीतून भांडं बडवलं, त्याने वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागलं. तुला तेव्हाच लिहायला बसलो होतो. पण ते वाचून तू तिकडे एकटी रडणार, मला ते ऐकू येणार नाही आणि पत्रातून डोक्यावर हात ठेवता येत नाही, म्हणून कागद चुलीत घातला. तुझं पत्र आलं तेव्हाही धीर झाला नाही. राग धरलास ते बरं केलंस. आमच्या केर्तूचा, तुझ्या आईचा, राग असाच होता, आधी बोलून मोकळी व्हायची आणि मग कॉफी ओतायची.

पाकीट मागवलंस तर मागव, पण त्यातलं नकाशावर एवढ्यात घालू नकोस. महिना संपेपर्यंत थांब. का ते विचारू नकोस. तुला आयुष्यात मी काही मागितलं नाही, एकदा हिवाळी बूट सोडले तर, आणि तेही तू मापाने लहान पाठवले होतेस.

वेक्को

ता. क. अंगावर बारीक पांढरी लव आली तर ती हिचीच असते की दुसऱ्या कुणाची?


माँट्रियल, १५ फेब्रुवारी

मामा,

पांढरी लव म्हणजे परकी बुरशी. दिसली की तेवढा भाग कापून फेकायचा आणि सुरी उकळत्या पाण्यातून काढायची. तू काय चालवलं आहेस?

पाकीट आलं. ओलं केल्याबरोबर दुसऱ्या सकाळी उठलं आणि खायला लागलं. गुणी आहे बिचारी, तक्रारीला जागा नाही. मी वेळेवर दाणे टाकते, झाकण लावते, पण भाडेकरूशी बोलावं तेवढंच बोलणं होतं आमचं. मादाम सोलांज रोज विचारतात, नकाशावर कधी सोडणार? मी म्हटलं, माझ्या मामाने थांबायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, तुमचे मामा शास्त्रज्ञ आहेत का? मी म्हटलं, नाही, पेपर मिलमध्ये होते.

थांबते आहे. जीव टांगणीला लागलाय, पण थांबते आहे.

हेल्मी


कोइवुला, २४ फेब्रुवारी

चि. हेल्मी,

पत्राच्या आतल्या घडीत पिवळा डाग पडलेला कागद आहे. तो झटकू नकोस, फेकू नकोस आणि त्यावर कॉफीचा कप तर अजिबात ठेवू नकोस. ती तुझी पिवळी आहे. केर्तूच्या ओंडक्यावरची.

तुझं ते चित्र मी सौनात कधीच टांगलं नव्हतं. तसं लिहिलं खरं, कारण चित्र आवडलं असं लिहायला मला जमत नाही. ते माझ्या झोपायच्या खोलीत पलंगासमोर आहे. मी खिडकी उघडी टाकून झोपतो हे तुला माहीत आहे, त्यामुळे तिथे सौनाची धग काय, साधी ऊबही नसते. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसतं. आमच्या केर्तूच्या पोरीने काढलंय, असं मनात म्हणतो आणि उठतो. तू लिहिलंस की ती झोपलेली असते, तेव्हा मी रात्री दिवा लावून तिच्याकडे बघत बसलो. इतके दिवस एका खोलीत झोपलो आणि मला पत्ता नाही.

चित्राला कात्री लावायला हात धजेना. शेवटी एक कोपरा कापला. त्याला हिरवी बुरशी लागली. दुसरा कोपरा कापला, त्यावर ती पांढरी लव. तेव्हा घाबरलो, कारण कापून कापून चित्र संपेल आणि हाती काहीच लागणार नाही. मग तुझ्या उत्तराची वाट न बघता, तुझी ती एकाच सुरीची चूक आठवून सुरी उकळली, हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं, जुन्या पावाच्या डब्यात ओला कागद अंथरला आणि तिसरा कोपरा ठेवला. डबा कपाटात, स्वेटरांच्या मधे. हिल्क्का येऊन विचारते, तोंडाला फडकं का? म्हटलं, तुझ्यासाठी.

आणि ती उठली गं. एका सकाळी डबा उघडला तर कागदाच्या कडेला पिवळं बोट पुढे आलेलं. मी पंचाहत्तरीचा माणूस, स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने रडलो. माझं मलाच ऐकू आलं.

पहिल्यांदा माझ्या ओट्सकडे तिने नाक मुरडलं. जवळ यायची, वास घ्यायची, मागे सरायची. मी म्हटलं, जे मी खातो ते तू खायचं, ह्या घरात वेगळं ताट नाही. कितीतरी दिवस हट्ट केला तिने. मग एकदा जी बसली दाण्यावर ती उठायला तयार नाही. चांगली अंगाने भरल्यावर तू लिहिलं होतंस तशी उपाशी ठेवून वाळवली. उपाशी ठेवताना जीव तुटला.

उरलेलं चित्र परत भिंतीवर टांगलंय. तीन कोपरे नाहीत, पण मला आधीपेक्षा जास्त आवडतं. लिहिलं बघ शेवटी.

वेक्को


माँट्रियल, ४ मार्च

माझ्या लाडक्या मामा,

उठली. काल रात्री ओल्या कागदावर ठेवली, आज दुपारी कडेने पिवळी झालर आली. मी जमिनीवर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तूही स्वयंपाकघरात रडलास हे वाचून मला एकटीने रडावं लागलं नाही.

तुझे उपकार कसे फेडू असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, बूट पाठव, मापाचे. पाठवते आहे. फेडायचं वगैरे काही नाही, मला तुझ्या ऋणात छान वाटतंय. मी काय काय बोलले तुला! आणि तू तिकडे तोंडाला फडकं बांधून, पलंगासमोरचं चित्र कापून, माझ्यासाठी डबा सांभाळत होतास. सुरुवातीला खात नव्हती ते फार झोपल्यामुळे असणार, अशक्तपणा येतो त्यांना. तू धीर धरलास म्हणून जगली. आणि आमच्या धंद्यातली एक रीत मी विसरले होते ती तू शिकवलीस: आपली पिवळी जपायची असेल तर दुसऱ्याच्या घरी थोडी द्यावी. सगळी आपल्याच कपाटात ठेवली की एक दिवस जाते.

पाकिटातल्या भाडेकरूला मादाम सोलांजच्या मुलीने दत्तक घेतलं, शाळेत नेणार आहे.

नकाशा तयार आहे. आमचं घर तळ्याच्या ह्या काठाला, तुझं समोरच्या, बाकीची घरं रस्त्याच्या कडेकडेने. पिट्का तळ्याच्या जागी मी खालच्या थरात मीठ मिसळलंय. पिवळीला मीठ अजिबात चालत नाही, मिठाच्या कडेला पोचली की मागे फिरते. आम्ही कुंपण म्हणून तेच वापरतो. म्हणजे ती आमच्या घरापासून निघेल, तळ्याला वळसा घालून हिल्क्काच्या दारावरून जाईल आणि तुझ्याकडे पोचेल. आपला रस्ता जातो तसाच. गाव ओळखू येईल.

तुझी हेल्मी


माँट्रियल, २ एप्रिल

मामा,

फोटो बघ आधी, मग वाच.

दिसलं? गेली ती तळ्यावरून! उद्घाटनाला सगळे जमले तेव्हा ती शहाण्यासारखी आमच्या घरापाशी होती. मग दोन फाटे फुटले. एक रस्त्याने निघाला, हिल्क्काच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच रेंगाळला. दुसरा सरळ मिठाच्या कडेवर आला. मी म्हटलं, आता फिरेल मागे. थोडी थांबली फक्त. आणि मिठात उतरली. आमच्या अंगणातून तुझ्या दारापर्यंत आडवी सरळ रेघ, आणि आता ती करंगळीएवढी जाड झाली आहे. रस्त्याकडचा फाटा तिने आवरून घेतला.

मी पार खचले. गावाचा नकाशा म्हणून मांडलेला आणि त्यात नसलेली वाट! मादाम सोलांज मात्र खूश आहेत, लोक रोज येऊन रेघ कुठवर आली ते बघतात. एक जीवशास्त्राच्या बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ह्या जातीला मिठाची सवय लावता येते. रोज थोडं थोडं खारं खायला घातलं की शिकते, आणि वाळून झोपली तरी उठल्यावर ते तिच्या लक्षात असतं. मग मला विचारलं, हिला आधी कुणी वाढवलं?

मामा, तू तिला नक्की काय घालत होतास?

हेल्मी


कोइवुला, ११ एप्रिल

चि. हेल्मी,

बूट आले. ह्या खेपेस मोठे आहेत, पण दोन मोजे घातले की बसतात.

मी तिला ओट्स घालत होतो. माझे ओट्स, सकाळी करतो ते. पाण्यात भरपूर मीठ टाकायचं, तेच ओट्सवर शिंपडायचं. तुझ्या आजीने आम्हा भावंडांना तसेच वाढले आणि मीठ न घातलेले ओट्स घोड्यापुढे ठेवतात असं ती म्हणायची. पाहुणीला अळणी कसं वाढणार? तू मला मिठाचं सांगितलं नव्हतंस आणि मीही विचारलं नाही, कारण ओट्सला मीठ लागतं का हा प्रश्न कोइवुलात कुणाला पडत नाही. तुझं चार मार्चचं पत्र वाचलं तेव्हा चूक समजली. पण तोवर तू तिला नकाशावर सोडली असणार, असं मनाशी म्हणून गप्प बसलो. खाल्ल्या मिठाला जागली बिचारी.

आता फोटोबद्दल. तो घेऊन मी खिडकीशी बसलो आणि दुपारची कॉफी गार झाली. तू लिहितेस, नसलेली वाट. हेल्मी, ती वाट होती.

तुझ्या जन्माच्या आधीचा हिवाळा. तुझा बाप आर्वो आणि मी बोलत नव्हतो, तळ्याकाठी पडलेला मूस, ते घोड्याएवढं हरीण, कुणाच्या गोळीने पडला ह्यावरून. हसण्यासारखंच आहे, पण बायका मध्ये पडल्याशिवाय तो तंटा मिटणार नव्हता, आणि तुझ्या आजीने हात टेकले होते. त्यात मला न्यूमोनिया झाला. एकटा पडलेलो, चूल विझलेली. केर्तू रस्त्याने आली असती तर हिल्क्काने बघितलं असतं आणि संध्याकाळपर्यंत आर्वोच्या कानावर गेलं असतं. म्हणून ती स्की घालून तळ्यावरून यायची, सरळ, आडवी, पाठीवर बटाटे घातलेल्या माशाच्या सूपचं भांडं. चूल पेटवायची, मला बसवून भरवायची, शिव्या घालायची आणि उजेड आहे तोवर परत जायची. मी बरा होईपर्यंत तिचा खंड पडला नाही. वारा आला की वाट पुसली जायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथूनच पाडायची. मी खिडकीतून तळ्याकडे बघत पडलेलो असायचो आणि पलीकडून ठिपका निघाला की समजायचो, आज मरत नाही.

तिने सांगितलं होतं, कुणाजवळ बोलू नकोस, आर्वोजवळ तर नाहीच. तुझ्या बारशाला आर्वो स्वतः मला बोलवायला आला आणि मूस मारल्याचं श्रेय आम्ही दोघांनी वाटून घेतलं, पण वाटेचं मी कधी काढलं नाही. आता आर्वो नाही, केर्तू नाही. तुझ्या पिवळीने सगळ्या माँट्रियलपुढे काढून दाखवलं, तेव्हा मी तोंड मिटून बसण्यात काय अर्थ आहे? ती काही जाणून गेली नसणार. तिला पलीकडे ओट्स दिसले आणि मिठाला ती भीत नव्हती, एवढंच. पण फोटो मी पलंगासमोर लावलाय.

मी केर्तूचे आभार कधी मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नव्हती. सूप खारट झालंय एवढंच म्हणायचो. ते राहून गेलेलं तुझ्याकडे मानतो, हेल्मी. तुझ्या आईने मला जगवलं आणि तू मला तिची वाट पुन्हा दाखवलीस. तुझे आभार, पोरी.

तळ्यावरचं बर्फ आता काळं पडलंय, पुढच्या आठवड्यात फुटेल. जूनमध्ये ये. आपण होडीने समोर जाऊ, अगदी त्याच रेघेने. तुला ती वाट नवी नाही. ती सूप घेऊन यायची तेव्हा कोटाची बटणं लागत नव्हती तिची. तू पोटात होतीस.

वेक्को मामा